फाल्गुनातली शाळा : नागपूर जिल्ह्यातील गावशाळेत वसंतातील उपक्रम आणि लोकसहभाग कसा उभा करावा

नागपूर जिल्ह्यातील खेड्यात वसंत फार थोडे दिवस मुक्कामाला असतो. माघ सरता सरता काटेसावर फुलते, पाठोपाठ बांधावरचा पळस पाने गाळून फुलांवर येतो, संत्र्याच्या आंबिया बहारात (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यात) वाटाण्याएवढी फळे दिसू लागतात. आणि हे सारे मुलांना दाखवून होईपर्यंत पारा चाळिशीकडे निघालेला असतो. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले, त्या शहराभोवतीच्या गावांत एप्रिलच्या दुपारी मुलांना मैदानात उभे करून कोणताही उपक्रम घेता येत नाही, आणि घेऊही नये. म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि गावातील उत्साही तरुण यांच्यासाठी हा लेख लिहिताना मी उपक्रमांच्या यादीपेक्षा वेळेच्या हिशेबाला अधिक जागा देत आहे. माझ्या शिक्षकी आयुष्यातील बहुतेक फसलेले कार्यक्रम कल्पना वाईट होती म्हणून फसले नाहीत. ते चुकीच्या आठवड्यात ठेवले म्हणून फसले.

पहिली पायरी : गावाचे वेळापत्रक मांडा

साधारणतः फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ते मार्चअखेर, एवढाच काळ या उपक्रमांसाठी खऱ्या अर्थाने हाती असतो. पुष्कळ शाळा सणांच्या आधाराने नियोजन करतात आणि ‘पाडव्यापर्यंत आटपू’ असे ठरवतात. परंतु गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला आला. तिथी अशी तीन आठवडे मागेपुढे सरकते; ऊन आणि पीक मात्र तितके सरकत नाहीत. तेव्हा आधी उन्हाचा आणि शेतीचा अंदाज घ्यावा आणि मग त्यात सण कुठे बसतात ते पाहावे.

एका मोठ्या कागदावर फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांचे आठवडे आखावेत आणि गावातील दोन-तीन जाणत्या माणसांना, त्यात किमान एक शेतमजूर बाई असावी, सोबत घेऊन प्रत्येक आठवड्यात गाव कोणत्या कामात गुंतलेले असते ते भरावे. एकाच जिल्ह्यात हे चित्र तालुक्यागणिक बदलते. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या संत्रापट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या संत्र्यांची) तोडणी चालू असते आणि घरचा कर्ता माणूस बागेत किंवा मंडीत असतो. भिवापूर-कुहीकडे त्याच सुमारास बाया मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची वाळवण्या-निवडण्याच्या जागी) देठ खुडायला जातात. पेंचच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या पारशिवनी, रामटेक, मौदा भागात उन्हाळी धान असेल तर पाण्याच्या पाळीची रात्र कोणाची आहे तेही विचारावे लागते. उमरेडच्या बाजूला गहू आणि हरभरा काढणीला येतो. हिंगणा आणि बुटीबोरीजवळच्या गावांत शेतीपेक्षा कारखान्यातील पाळ्याच अधिक महत्त्वाच्या ठरतात. याखेरीज आठवडी बाजाराचा दिवस, महाशिवरात्रीची यात्रा, गावातील लग्नतिथी आणि शाळेच्या बाजूने शिष्यवृत्तीची परीक्षा, एप्रिलमधील संकलित मूल्यमापन आणि सकाळची शाळा लागण्याची तारीख हे सारे त्याच कागदावर यावे. एवढे भरून झाले की कोऱ्या राहिलेल्या जागा मोजक्याच दिसतात. उपक्रम त्या जागांतच ठेवायचे असतात, आणि माझ्या मते एका वसंतात चारांपेक्षा अधिक उपक्रम हाती घेऊ नयेत. दोन शिक्षकी शाळेने तीनवर थांबावे.

दुसरी पायरी : समितीची बैठक आणि कामाची चिठ्ठी

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे. आपल्याकडे समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. कागदावर ही रचना चांगलीच आहे. प्रत्यक्षात बैठक दुपारी चार वाजता ठेवली जाते, बाया शेतातून परतलेल्या नसतात, आणि सही घ्यायला रजिस्टर घरोघर फिरते. हे टाळायचे असेल तर फेब्रुवारीची बैठक रात्री आठनंतर घ्यावी. ते जमत नसेल तर बायांची वेगळी बसक बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्यावी आणि तेथे ठरलेल्या गोष्टी समितीच्या इतिवृत्तात नोंदवाव्यात. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना आवर्जून बोलवावे, कारण कोणत्या घरात कोणते मूल आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

बैठकीत ‘गावकऱ्यांनी सहकार्य करावे’ असे आवाहन करू नये. अशा आवाहनावर सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कोणीही येत नाही, कारण नेमके काय करायचे ते कोणाला कळलेलेच नसते. त्याऐवजी कामाच्या चिठ्ठ्या कराव्यात. एका चिठ्ठीवर एकच काम, त्याचा दिवस, वेळ, किती माणसे हवीत आणि शाळा काय पुरवणार हे लिहावे. उदाहरणार्थ : ‘शनिवार, सकाळी ८ ते १०. पाण्याची टाकी रिकामी करून घासणे. माणसे ३. ब्रश आणि बादल्या शाळेच्या.’ किंवा ‘बुधवार, शाळा सुटल्यावर. दोन बाकांचे पाय बसवणे. सुतारकाम येणारा एक.’ अशा पंधरा-वीस चिठ्ठ्या बैठकीत टेबलावर मांडल्या की लोक त्या उचलून वाचतात, आपसांत बोलतात, आणि ‘हे माझ्याकडे द्या’ असे म्हणतात. नाव चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावे आणि आदल्या दिवशी संध्याकाळी त्या घरी मुलाकरवी निरोप धाडावा. व्हॉट्सॲप गटावरचा संदेश पुरेसा नसतो. तो ‘सर्वांसाठी’ असतो, त्यामुळे तो कोणासाठीच नसतो.

मनुष्यबळ शोधताना नजरेतून सुटणारा एक वर्ग सांगतो. जवळजवळ प्रत्येक गावात पोलीस भरतीची तयारी करणारी पाच-दहा मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावत असतात. व्यायाम त्यांना हवाच असतो, वेळ सकाळचा असतो, आणि खड्डे खणण्याचे काम त्यांच्याइतके मनापासून कोणी करत नाही. त्यांना शाळेचे मैदान लांब उडी आणि गोळाफेकीच्या सरावासाठी, शाळा भरण्यापूर्वीच्या वेळेत, समितीच्या ठरावाने वापरू द्यावे. हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडतो.

गावातील गटातटांबद्दलही येथेच बोलून घेतो. उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यावर कार्यक्रम मोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. उपाय साधा आहे : उद्घाटन ठेवूच नये. मुले कामाला लागली की काम सुरू झाले. आणि निमंत्रण देताना गावठाणाइतक्याच अगत्याने टोलीला, वस्तीला, पाड्याला आणि कामासाठी बाहेरून आलेल्या मजुरांच्या झोपड्यांनाही जावे.

तिसरी पायरी : होळीआधी पळसाचा रंग

वसंतातील सर्व उपक्रमांत माझ्या मनाने हा पहिला आहे, कारण यात खर्च जवळजवळ नाही, विज्ञान आहे, आजीचे ज्ञान आहे, आणि सिल्व्हर व ऑइलपेंटच्या होळीला मुलांच्या हातात दुसरे काही देता येते. धुळवडीला शाळेला सुटी असते. त्यामुळे रंग खेळण्याचा कार्यक्रम सुटीच्या आदल्या शाळेच्या दिवशी ठेवून मागे मोजत यावे. फुले गोळा करणे तीन दिवस आधी, उकळणे आदल्या दिवशी.

फुले झाडावरून ओरबाडायची नाहीत. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, तोच वेचायचा. एका वर्गाने एक झाड घ्यावे, सोबत दोन मोठी माणसे असावीत, आणि फुलांवर मधमाश्या व मुंगळे असतात हे मुलांना आधी सांगावे. पेंच किंवा उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यालगतच्या गावांनी मात्र मुलांना शिवाराबाहेर नेऊच नये आणि पहाटे तर मुळीच नाही. मोह वेचण्याच्या दिवसांत वाघाची गाठ पडण्याचा धोका तेथे खरा आहे. गावाच्या अगदी जवळचे, उघड्यावरचे झाड निवडावे किंवा फुले मोठ्यांनी आणून द्यावीत.

वेचलेले फूल हातात घेतले की त्याचे दोन भाग मुलांना वेगळे करायला लावावेत. केशरी, पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या पाकळ्या एका सुपात, आणि देठाकडची काळपट, मखमली स्पर्शाची वाटी दुसऱ्या सुपात. ही वाटी रंगात गेली तर पाणी गढूळ दिसते. पाकळ्या सावलीत, वर्तमानपत्रावर दोन दिवस पसराव्यात. उन्हात वाळवल्यास रंग फिका होतो. मग एक भाग पाकळ्यांना चार ते पाच भाग पाणी घेऊन स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर उकळावे. लोखंडी कढई वापरू नये, कारण तिच्यात रंग काळवंडतो. चूल शिक्षक किंवा पालकांनीच सांभाळायची. मुलांनी हातभर दुरून पाहायचे. पहिल्या दहा मिनिटांत पाणी पिवळे दिसते, अर्ध्या तासाने ते गर्द नारिंगी होते आणि पाकळ्या पांढुरक्या, थकल्यासारख्या तळाशी बसतात. रात्रभर तसेच झाकून ठेवून सकाळी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातून गाळून घ्यावे. काही घरांत रंग गडद व्हावा म्हणून चिमूटभर चुना टाकण्याची पद्धत आहे. तो प्रयोग वेगळ्या वाटीत, मुलांना रंग कसा बदलतो हे दाखवण्यापुरताच करावा. अंगावर खेळायच्या रंगात चुना नको, डोळ्यांत गेल्यास इजा होते.

असा रंग एक-दोन दिवसच टिकतो, पुढे आंबूस वास येतो. कोरडा रंग हवा असेल तर घट्ट काढा तांदळाच्या पिठात कालवून सावलीत वाळवावा आणि चाळून घ्यावा. प्रत्येक मुलाला एक तांब्याभर ओला रंग पुरतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात नुसता कोरडा रंग आणि कपाळाला टिळा एवढ्यावर थांबण्यात काहीच कमीपणा नाही. होळीसाठी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा मुले घरी करतातच; त्यांतील दोन-चार शाळेत आणून एका माळेत किती चाकोल्या, पाच माळांत किती, असा गणिताचा तास सहज घेता येतो. होळीच्या आठवडाभर आधी लाकूड-फांद्यांसाठी गावात झाडे तोडली जातात हेही मुलांशी बोलावे, पण त्यांना घरोघर उपदेश करायला पाठवू नये. बापाला सुनावणारे मूल घरात मार खाते आणि शाळेचे नाव खराब होते.

चौथी पायरी : पाणी आणि सावली

हे काम दिसायला किरकोळ आहे, परंतु मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर शाळेची हजेरी यावर टिकते. प्रथम टाकी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवून टाकी धुतल्यानंतर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे प्रमाण त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे आणि ओटी टेस्ट (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी) मुलांसमोर करायला सांगावी. नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे लागते; परीक्षानळीतले पाणी पिवळसर झाले की मुले ‘आले, आले’ म्हणून ओरडतात, आणि पाण्याची शुद्धता हा धडा पाठ करून घ्यावा लागत नाही.

माठ गावातूनच मिळतात. दर वर्गाला एक या हिशेबाने चिठ्ठी काढली तर चार घरे चार माठ देतात. नवा माठ दोन दिवस पाणी भरून, बदलून मग वापरावा. माठाखाली वाळूची बैठक, भोवती ओले पोते, वर घट्ट बसणारे झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे या चारही गोष्टी हव्यात. मुलाने पेला बुडवून पाणी घेतले की तोच माठ आजार पसरवतो. रोज सकाळी उरलेले पाणी झाडांना घालून माठ आतून धुण्याची पाळी तिसरी-चौथीच्या मुलामुलींत सारखी वाटावी. ती फक्त मुलींच्या वाट्याला येते आहे का, याकडे शिक्षकाने स्वतः लक्ष ठेवावे. माठ सगळ्यांसाठी एकच असतो, हे वेगळे सांगावे लागू नये. लागत असेल तर तेथे समितीच्या अध्यक्षांनी पहिले पाणी त्याच माठातून प्यावे.

सावलीसाठी व्हरांड्याला हिरवी जाळी बांधणे सर्वांत स्वस्त पडते. संत्रा बागायतदारांकडे किंवा रोपवाटिकेत जुनी जाळी पडून असते. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावून दुपारी पाणी शिंपडल्यास वर्गात बसवते. वीज गेल्यावर कूलर बंद पडतो, ताटी चालूच राहते. दर तासाला पाण्यासाठी एक घंटा वाजवावी. उन्हाने भोवळ आलेल्या मुलाला सावलीत निजवून कपडे सैल करणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे, शुद्धीवर असेल तरच ओआरएस घोट-घोट पाजणे आणि उशीर न करता आरोग्य केंद्रात नेणे, एवढे आशाताईंनी सर्व शिक्षकांना आणि स्वयंपाकी ताईंना एकदा करून दाखवावे. २० मार्चच्या चिमणी दिनाला पक्ष्यांसाठी पसरट परळ ठेवतात. ते ठेवावेत, पण त्यांत रोज पाणी कोण घालणार त्या मुलाचे नाव परळावरच खडूने लिहावे. नाहीतर २१ तारखेपासून ते कोरडे असतात.

पाचवी पायरी : झाडे आता लावू नका

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पाडव्याच्या मुहूर्तावर मोठ्या हौसेने पंचवीस रोपे शाळेत लावली होती. कुंपणाबाहेरून एक वयस्क शेतकरी बराच वेळ पाहत उभे होते. शेवटी म्हणाले, “गुरुजी, कलमं आता लावून का करता? मिरग लागू द्या, मंग लावा.” मी हसून पाणी घालण्याचे वेळापत्रक दाखवले. मेअखेर हातपंपाच्या सांडपाण्याजवळचे दोन कडुनिंब तेवढे उरले.

वसंतात झाडांसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त लावणी त्यात बसत नाही. पहिले काम बियांचे. चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकते, करंजाच्या शेंगा याच काळात वाळतात, बहाव्याच्या जुन्या लांब शेंगा झाडावर लोंबत असतात आणि पळसाच्या चपट्या पापड्या एप्रिल-मेमध्ये गळतात. मुलांनी येता-जाता गोळा केलेल्या बिया झाडानुसार वेगळ्या करून, सावलीत वाळवून, कापडी पिशवीत नाव व तारीख लिहून ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. बहाव्याच्या बियांचे कवच फार कठीण असते. ते सँडपेपरवर थोडे घासून किंवा गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवल्याखेरीज बी लवकर रुजत नाही. चिंचोका रात्रभर भिजवला की पुरतो. कडुनिंबाची निंबोळी मात्र साठवण्याच्या भानगडीत पडू नये. ती उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते, तिची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांतच ओसरते, म्हणून गर काढून लगेच पेरावी. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी तीन-चार भोके पाडून, दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत भरून मार्चमध्ये पेरलेल्या चिंच-करंजाची रोपे पावसाळ्यापर्यंत वीतभर होतात. रोपवाटिका हातपंपाजवळ, जाळीच्या सावलीत ठेवावी.

दुसरे काम खड्ड्यांचे. आपली काळी माती एप्रिलमध्ये दगडासारखी होते आणि तिला हातभर भेगा पडतात. तेव्हा खणायला निघणाऱ्याचे दांडे मोडतात. म्हणून मार्चमध्ये, जमिनीत थोडी ओल शिल्लक असताना, भरतीच्या तयारीतील मुलांना घेऊन दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे करून घ्यावेत. जागा आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून भिजवावी. खड्डे उन्हाळाभर तापू द्यावेत, त्यामुळे जमिनीतील किडी मरतात. मात्र शाळेच्या आवारातील खड्ड्यांत लहान मूल पडू नये यासाठी त्यांवर काटेरी फांद्या टाकाव्यात आणि भोवती चुन्याची रेघ ओढावी. किती खड्डे करायचे याचा निकष एकच : सुटीत जितक्या रोपांची जबाबदारी घेणारी घरे सापडली, तितके. दहा रोपे जगवलेली शाळा शंभर रोपांचा फोटो काढणाऱ्या शाळेपेक्षा पुढे असते, असे मला आजही वाटते.

सहावी पायरी : चावडीवरचे वाचन

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळेच्या चार भिंतींत भाषणांनी साजरा करण्याऐवजी त्या संध्याकाळी समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात चावडी वाचन ठेवावे. शेतातून परतून जेवणे होण्यापूर्वीची, सातच्या सुमाराची वेळ बरी. एक दिवा, एक सतरंजी आणि शाळेच्या ग्रंथालयातील पंचवीस-तीस पातळ पुस्तके पुरतात. ध्वनिक्षेपक लावू नये. मुलाचा आवाज ऐकायला लोक जवळ सरकून बसतात.

येथे एक पथ्य काटेकोर पाळावे. काही ठिकाणी चावडी वाचन म्हणजे गावासमोर घेतलेली परीक्षा होते. ज्या मुलाला वाचता येत नाही ते गावासमोर अडखळते, बाप मान खाली घालतो आणि पुढच्या वेळी दोघेही येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक मुलाने आपला उतारा आदल्या दिवशी स्वतः निवडावा, दोनदा वाचून पाहावा, आणि अजून अक्षरे जुळवणारी मुले जोडीने किंवा चित्र दाखवून गोष्ट सांगतील अशी सोय असावी. उत्तरार्धात बाजू उलटवावी : म्हाताऱ्यांनी जात्यावरच्या ओव्या, कोडी, उखाणे सांगावेत आणि चौथीच्या मुलांनी ते वहीत टिपावेत. जिला आपले नाव लिहिता येत नाही अशी आजी सलग वीस ओव्या म्हणते आणि तिची नात त्या लिहून घेते, तेव्हा अर्धी सभा उठून वहीत डोकावते. ८ मार्चच्या महिला दिनाला हीच वही बायांना वाचून दाखवता येते. त्या दिवसासाठी वेगळा कार्यक्रम रचण्याची गरज उरत नाही. पुढे ११ आणि १४ एप्रिलच्या जयंत्यांना गावातील मंडळे कार्यक्रम घेतातच. शाळेने त्यांच्या कार्यक्रमात मुलांच्या वाचनाची दहा मिनिटे मागून घ्यावीत.

सातवी पायरी : पट वाढवा आणि पहिले पाऊल

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ हा उपक्रम रूढ झालेला आहे. त्याची खरी तयारी पंधरा दिवस आधी अंगणवाडीच्या नोंदवहीपासून सुरू होते. ज्या मुलांना त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होतात, त्यांची यादी सेविकेकडून घ्यावी, तीत मजुरांच्या वस्तीवरील मुले घालावीत आणि प्रत्येक घरी एक शिक्षक व एक पालक सदस्य अशा जोडीने जावे. खासगी शाळेची व्हॅन गावात येते; तिच्याविषयी पालकांना भीती घालण्यात अर्थ नाही. दुसरीतले मूल सोबत न्यावे आणि त्याला त्या ओसरीवर बसून पान वाचू द्यावे. त्यानंतर शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.

२०२२ पासून राज्यभर ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. पहिला एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन अशी सात टेबले मांडायची असतात. नागपूरच्या उन्हात हा मेळावा सकाळी साडेसातला सुरू करून साडेनऊला संपवावा. दोन शिक्षकांना सात टेबले सांभाळणे शक्य नसते, म्हणून प्रत्येक टेबलावर एक बारावी-पदवी झालेली तरुण मुलगी किंवा मुलगा आणि चौथीतील एक मूल बसवावे व आदल्या दिवशी त्यांच्याकडून एकदा सराव करून घ्यावा. सहा वर्षांचे पोर अनोळखी टेबलासमोर गप्प बसले तर ‘येत नाही’ असा शिक्का मारू नये. त्याला आधी मणी ओवायला द्यावेत, हात चालू लागले की तोंड उघडते. विकासपत्र आईच्या हाती देताना घरी करायच्या एक-दोनच गोष्टी सांगाव्यात : भाजी निवडताना शेंगा मोजायला लावणे, चादरीची घडी घालायला लावणे, इतपत. याच दिवशी शेजारच्या पाच-सहा आयांचे गट करून एकीला पुढाकार द्यावा, म्हणजे मे महिन्यात शिक्षक गावी गेले तरी गट चालू राहतो.

मेळाव्याला जोडून गावातून स्नेहभोजन आले तर उत्तम. ते नियमित पोषण आहाराच्या जोडीला असावे, शाळेतच किंवा शाळेच्या देखरेखीखाली ताजे शिजलेले असावे, आणि मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत सही करावी. लग्नघरचे उरलेले अन्न कितीही प्रेमाने आले तरी नम्रपणे परत करावे. दात्याच्या नावाचा फलक जेवणाऱ्या मुलांसमोर धरून छायाचित्र काढू नये.

आठवी पायरी : हिशेब आणि सुटीची सोय

संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळते : तीस विद्यार्थ्यांपर्यंत १० हजार आणि शंभरपर्यंत २५ हजार रुपये. ते आर्थिक वर्षाअखेर खर्ची पडावे लागते, म्हणून टाकी, नळ, ब्रश, जंतुनाशक यांची खरेदी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच समितीच्या ठरावाने उरकावी. लोकसहभागाची नोंदवही मात्र स्वतंत्र ठेवावी. तीत पैशांइतकीच श्रमाची आणि वस्तूंची नोंद व्हावी : कोणी दोन माठ दिले, कोणी चार तास खणले, कोणी ट्रॅक्टरच्या दोन खेपा माती टाकली. रोख देणगी शिक्षकाने हातात घेऊ नये. ती समितीच्या खात्यात जावी आणि पावती त्याच दिवशी द्यावी. बाहेरचा स्वयंसेवक मुलांसोबत एकटा राहणार नाही, नेहमी एक शिक्षक किंवा पालक सोबत असेल, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरावात घालावा, म्हणजे पुढे कोणा एकावर संशय घेतल्यासारखे होत नाही. १ मेच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवावी. खड्डे खणणाऱ्या पोरांची नावे सरपंचांच्या तोंडून ऐकू आली की पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या आपोआप उचलल्या जातात.

विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात, राज्याच्या इतर भागांहून आठवडाभर उशिरा उघडते. निकालानंतरचे हे जवळजवळ आठ आठवडे रोपवाटिका कोण पाहणार, हे एप्रिलमध्येच ठरले पाहिजे. शाळेला लागून असलेली चार घरे निवडून प्रत्येकाला दोन आठवडे द्यावेत, फाटकाची दुसरी किल्ली पहिल्या घरी ठेवावी, आणि पाळी बदलताना किल्लीबरोबर जगलेल्या रोपांचा आकडा लिहिलेली वही पुढच्या घरी जाईल असे सांगावे. किल्ली आणि वही एकाच दोरीत बांधावी. वेगवेगळी दिली की वही दुसऱ्याच घरी राहते.